एका खोक्यातली दोन प्लॅस्टिकं: जुनं मॉडेल किट आणि त्याबरोबर मिळालेली रेकॉर्ड

जुन्या मॉडेल किटचा खोका हाती आला की आपण आधी सुटे भाग मोजतो. टायर चार आहेत ना, काच तडकलेली नाही ना, डेकलचा (किटवर चिकटवायच्या चित्रांचा) कागद पिवळा पडलाय का. पण ज्या किटबरोबर भेट म्हणून पातळ रेकॉर्ड दिली होती, तिथे हा क्रम बदला. आधी रेकॉर्ड बाहेर काढा आणि ती इतकी वर्षं कशाला टेकून पडली होती ते नीट बघा. त्या जागेवरचं प्लॅस्टिक खराब व्हायला लागलेलं असू शकतं, आणि दोन्ही वस्तू एकमेकींना टेकलेल्या आहेत तोवर ते थांबणार नाही.

किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. रेकॉर्ड व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीची. पीव्हीसी मुळात कडक. ते वाकावं म्हणून त्यात तेलासारखं प्लॅस्टिसायझर मिसळतात. हे प्लॅस्टिसायझर आत कायमचं बांधलेलं नसतं. वर्षानुवर्षं ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि शेजारी पॉलिस्टायरीन सापडलं की त्यात शिरतं. पॉलिस्टायरीन तिथे मऊ पडतं, मग चिकट होतं, शेवटी खड्डा पडतो. मोटारींची किटं जमवणाऱ्यांना हा प्रकार टायरमुळे तोंडपाठ असतो. व्हिनाइलचा टायर पारदर्शक काचेवर पडून राहिला की टायरची नक्षी जशीच्या तशी काचेत उतरते. तो डाग पुसून जात नाही, कारण तिथलं प्लॅस्टिकच वितळून गेलेलं असतं. किटबरोबरच्या पातळ, लवचीक 'फ्लेक्सी' रेकॉर्डमध्ये टायरइतकं प्लॅस्टिसायझर नसतं, त्यामुळे नुकसान सावकाश होतं आणि म्हणूनच लक्षात येत नाही. वरून सगळं ठीक दिसतं, आणि भाग उचलायला गेलं की रेकॉर्ड त्याला चिकटून वर येते.

तशी ती चिकटलेली निघाली तर ओढू नका. फ्रेम, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट, उलटी धरा, जेणेकरून रेकॉर्ड खाली लोंबेल, आणि कडेकडून दातांचा फ्लॉस किंवा बारीक मासेमारीची दोरी सरकवत न्या. ब्लेड नको, ब्लेड दोन्हींपैकी एकाला हमखास लागतं. वेगळी झाल्यावर किटच्या भागावर उरलेला तेलकट थर सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा. पडलेला खड्डा पुटी भरून, ४०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून बुजवता येतो. पारदर्शक भागाला मात्र हा उपाय नाही. तो दुसऱ्या किटमधून मिळवायचा किंवा पातळ पारदर्शक शीट कापून बनवायचा.

किट आणि रेकॉर्ड या दोन धंद्यांची सांगड १९६० च्या दशकात अमेरिकेत जमली. शिकागोच्या हॉक कंपनीने १९६३ मध्ये बिल कॅम्पबेलने रेखाटलेल्या विचित्र, जीभ बाहेर काढलेल्या मोटारवेड्या पात्रांची 'वीअर्ड-ओज' ही किटमालिका आणली. पुढच्याच वर्षी मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीने या पात्रांच्या नावाने एलपी काढली. ती संगीतकार गॅरी अशरने केली होती. तिकडे रेव्हेल कंपनी व्यंगचित्रकार एड रॉथच्या 'रॅट फिंक' या उंदराची किटं विकत होती, आणि कॅपिटल ही रेकॉर्ड कंपनी त्याच रॉथला 'मिस्टर गॅसर' बनवून १९६३-६४ मध्ये एलपी काढत होती. हे झाले दुकानात वेगळे विकले जाणारे, पूर्ण जाडीचे एलपी. त्यांना टर्नटेबलवर काही विशेष वागणूक लागत नाही. खरी काळजी घ्यावी लागते ती खोक्यातच सरकवलेल्या, कागदासारख्या पातळ फ्लेक्सीची.

फ्लेक्सी म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची व्हिनाइलची फिल्म. साच्याखाली गरम करून दाबली की खाचा उमटतात, बहुतेकदा एकाच बाजूला. साधी सात इंची रेकॉर्ड चाळीसेक ग्रॅम भरते. फ्लेक्सी जेमतेम काही ग्रॅम. त्यामुळे ती मासिकात शिवता येई, पाकिटात घालून टपालाने पाठवता येई, किटच्या झाकणाखाली सपाट बसे. अमेरिकेत ईव्हा-टोन कंपनी 'साउंडशीट' या नावाने त्या बनवत असे. इंग्लंडात लिंटोन, तिच्या तबकड्यांवर 'एलवायएन' अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. जपानात त्यांना सोनोशीट म्हणत, आणि १९५९ पासून तिथे मासिकंच्या मासिकं सोनोशीटसकट निघाली. रशियात 'क्रुगोझोर' हे मासिक १९६४ पासून निळ्या फ्लेक्सींसह निघत असे. सगळ्यात मोठी छपाई नॅशनल जिओग्राफिकची: जानेवारी १९७९ च्या अंकात हंपबॅक देवमाशांच्या गाण्याची फ्लेक्सी होती, आणि तिच्या १ कोटी ५ लाख प्रती निघाल्या. हे मुद्दाम सांगतोय. कारण महाराष्ट्रात जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात तो अंक सापडू शकतो. किटमधल्या दुर्मीळ रेकॉर्डवर हात चालवण्याआधी सराव करायचा तर याच फ्लेक्सीवर करा.

याच घराण्यातली एक वेगळी शाखा पुठ्ठ्याच्या रेकॉर्डची. अमेरिकेत १९६९ च्या सुमारास पोस्ट कंपनीच्या नाश्त्याच्या खोक्यांवर मागच्या बाजूला रेकॉर्डच छापलेली असे. कात्रीने गोल कापायची आणि वाजवायची. पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा थर आणि त्या थरात खाचा. दमट हवेत पुठ्ठा फुगतो, प्लॅस्टिक फुगत नाही, आणि तबकडी वाटीसारखी वळते. कोकण किनाऱ्यावर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या रेकॉर्डची ही गत एका पावसाळ्यात होऊ शकते.

वाजवायची कशी

फ्लेक्सी टर्नटेबलवर ठेवली आणि सुई लावली की सर्वसाधारण अनुभव असा: पहिले दोन फेरे नीट, मग आवाज लांबायला लागतो, खोल जातो, आणि तबकडी जागच्या जागी थांबते. खालचं प्लॅटर मात्र फिरतच असतं. रबरी मॅटवर उंचवटे असतात, फ्लेक्सी फक्त त्यांच्या टोकांना टेकते, आणि सुईची ओढ त्या तुटपुंज्या पकडीपेक्षा जास्त ठरते. फेल्टची मॅट तर आणखी वाईट. स्थिर विजेमुळे ती फ्लेक्सीबरोबर वर उचलली जाते.

म्हणून फ्लेक्सीखाली कडक, सपाट पाया हवा. नेहमीचा सल्ला असतो तो खाली एक नको असलेली एलपी ठेवण्याचा. चालतं, पण एलपीचं लेबल आजूबाजूच्या भागापेक्षा किंचित उंच असतं. त्या पायरीवर फ्लेक्सी तंबूसारखी उभी राहते आणि आतल्या खाचांशी सुई वरखाली होते. त्यापेक्षा नेमप्लेट आणि ट्रॉफी बनवणाऱ्या दुकानातून ३ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्रिलिकची २०० मिलिमीटर व्यासाची चकती लेझरने कापून घ्या, मधलं भोक ७.२ मिलिमीटर. कापताना भोक बरोबर मध्यावर आलंच पाहिजे, हे दुकानदाराला दोनदा सांगा. रबरी मॅट काढू नका, तिच्यावरच चकती ठेवा. ३ मिलिमीटर उंची वाढल्याने टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या हाताचं) मागचं टोक थोडं खाली राहतं. ज्या टर्नटेबलवर आर्मची उंची बदलता येते तिथे ती तेवढी वाढवा. येत नसेल तर फ्लेक्सीसाठी तेवढा फरक चालून जातो.

चौकोनी फ्लेक्सी असेल तर चारही कोपरे मास्किंग टेपच्या छोट्या तुकड्यांनी चकतीला चिकटवा. मात्र त्यासाठी चकती २६० मिलिमीटरची हवी. सात इंची चौकोनाचा कर्ण जवळपास २५१ मिलिमीटर होतो, आणि सुई आत वाजवत असताना हे कोपरे हेडशेलखालून, म्हणजे टोनआर्मच्या पुढच्या टोकाखालून, सतत फिरत असतात. एखादा कोपरा वर वळलेला राहिला तर तो कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) खालून फटका मारतो, आणि सुईचा दांडा वाकतो. गोल फ्लेक्सीला कडेला खाचा सुरू होण्याआधी चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा असते; तिथे समोरासमोर दोन टेप पुरतात. टेप चिकटवण्याआधी ती आपल्या हाताच्या पाठीवर दोन-तीनदा चिकटवून काढा. चिकटपणा उतरतो आणि काढताना छपाई निघून येत नाही. जिथे कडेपर्यंत शाई आहे तिथे टेप वापरूच नका, नाणं वापरा.

बऱ्याच फ्लेक्सींवर मध्याजवळ गोल छापून 'घसरल्यास इथे नाणं ठेवा' अशी सूचना असते. अमेरिकेतल्या मुलांकडे तेव्हा पाव डॉलरचं नाणं असायचं. आजचं ते नाणं ५.६७ ग्रॅमचं आहे. आपल्याकडे हे करताना एक चूक हमखास होते. हाताशी असतं ते एक रुपयाचं नाणं, आणि १९९२ पासूनचं एक रुपयाचं नाणं चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं आहे. बहुतेक कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो. सुई आतल्या खाचांकडे आली की नाणं आणि कार्ट्रिज एकमेकांना ओढायला लागतात, दर फेऱ्याला सुईवरचा भार वाढतो आणि 'धप्' असा आवाज येतो. जुनं जाड, पांढऱ्या धातूचं पाच रुपयांचं नाणं घ्या: तांबं-निकेलचं, ९ ग्रॅम वजनाचं, २३ मिलिमीटर व्यासाचं. दोन नाणी मधल्या खुंटाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवा, म्हणजे भार एकांगी होत नाही. पाच रुपयांची काही नाणी मधल्या काळात स्टीलचीही निघाली, म्हणून फ्रिजवरचा चुंबक लावून आधी तपासा. चिकटलं तर बाजूला ठेवा.

नाणं ठेवल्यावर सुई न लावता टोनआर्म हाताने शेवटच्या खाचेपर्यंत नेऊन बघा. सात इंची तबकडीत रेकॉर्डिंग मध्यापासून साधारण ५० मिलिमीटरवर संपतं आणि कार्ट्रिजची आतली बाजू आणखी ८-९ मिलिमीटर आत येते. खुंटाला लागून ठेवलेलं नाणं २७-२८ मिलिमीटरपर्यंत पोचतं. म्हणजे जागा पुरते, पण फार सैल नाही. नाणं सरकलं तर लागेल.

आता सुईचा भार. इथे लोक फ्लेक्सीला जपायचं म्हणून भार कमी करतात, आणि तिथेच फसतात. फ्लेक्सीच्या खाचा उथळ असतात. भार कमी पडला की सुई खाचेच्या भिंतींवरून घसरते, उडी मारते आणि प्रत्येक उडीला भिंत ओरखडते. कार्ट्रिज बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ राहा. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५सी या गोल टोकाच्या सुईची मर्यादा १.८ ते २.२ ग्रॅम आहे, फ्लेक्सीसाठी २.१ ते २.२ ठेवा. भार मोजायला ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो, टोनआर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका. अ‍ॅक्रिलिकची चकती असेल तर काटाही त्याच उंचीवर ठेवून मोजा. सूटकेसमधले स्वस्त प्लेयर ज्या सिरॅमिक कार्ट्रिजवर चालतात त्यांचा भार ५-६ ग्रॅम असतो, ०.२ मिलिमीटरच्या फिल्मवर तो लावणं म्हणजे खाचा नांगरणं.

गोल टोकाची सुई इथे लंबगोल सुईपेक्षा शांत चालते, असं माझं ठाम मत आहे. तिच्याबरोबर जोडी असावी ती मोनोसाठीच्या जाड, २५ मायक्रॉन टोकाच्या सुईची. स्टिरिओची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास असते आणि खाचेत खोल बसते, जिथे त्या काळच्या मुलांच्या प्लेयरच्या जड सुयांनी आधीच झीज केलेली असते. २५ मायक्रॉनची सुई भिंतीच्या वरच्या, कमी झिजलेल्या भागावर चालते. एकाच फ्लेक्सीवर दोन्ही सुयांनी फरक इतका ऐकू येतो की रेकॉर्ड बदलली की काय असं वाटावं.

आवाजावरून दोष ओळखायला घड्याळ पुरतं. ३३⅓ वेगाला एक फेरा १.८ सेकंदांत होतो. दर १.८ सेकंदाला एक 'टक्' येत असेल तर ओरखडा किंवा मुडप एकाच बाजूला आहे. दर ०.९ सेकंदाला येत असेल तर घडीची रेघ मध्यातून आरपार गेलीय: कुणीतरी फ्लेक्सी दुमडून खोक्यात कोंबली होती. आणि १.८ सेकंदांच्या तालात सूर डोलत असेल, वर-खाली, वर-खाली, तर मधलं भोक मध्यावर नाही. भोक १ मिलिमीटर सरकलेलं असेल तर मध्यापासून ७० मिलिमीटरवर वेग सुमारे १.४ टक्क्यांनी कमी-जास्त होतो, म्हणजे जवळपास अर्ध्या स्वराच्या पावपट. बोलण्यात ते कळत नाही. पियानोचा किंवा व्हायोलिनचा लांब सूर लगेच सांगतो. भोक मोठं करून तबकडी सरकवून बसवण्याचा सल्ला काही जण देतात. दुर्मीळ फ्लेक्सीवर कात्री चालवू नका. टर्नटेबलचा मधला खुंट काढता येत असेल तर काढा, टोनआर्मचं डावं-उजवं डोलणं डोळ्याने बघत तबकडी बोटाने सरकवत न्या आणि डोलणं थांबलं की टेप लावा. दहा मिनिटं लागतात.

आपोआप परतणाऱ्या टर्नटेबलवर ही सोय बंद करा. काही फ्लेक्सींत रेकॉर्डिंग लेबलच्या अगदी जवळपर्यंत नेलेलं असतं आणि यंत्र शेवटचं वाक्य पूर्ण होण्याआधीच हात उचलतं.

धुणं आणि सपाट करणं

धुताना शाईची काळजी आधी. फ्लेक्सीवरची छपाई कित्येकदा खाचांवरूनच गेलेली असते आणि अल्कोहोल ती उचलतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल साध्या रेकॉर्डला पातळ करून चालतं, इथे नको. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचा एकच थेंब. फ्लेक्सी काचेवर पसरा, मऊ मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. नळाचं पाणी वाळलं की क्षार खाचेत राहतात आणि ते कुरकुरतात. पांढरी बुरशी असेल तर ती कोरडी असताना घासू नका, आधी साबणाच्या पाण्याने पाच मिनिटं ओली ठेवा.

वळलेली फ्लेक्सी सपाट करायला इस्त्री, हेअर ड्रायर, ऊन यांतलं काहीच नको. खाचा उष्णतेने दाबूनच उमटवलेल्या आहेत. उष्णता मिळाली की त्या परत उथळ व्हायला लागतात. एप्रिलमध्ये उन्हात बंद ठेवलेल्या गाडीतली उष्णतासुद्धा त्यांना पुरते. दोन स्वच्छ काचा, मध्ये आम्लरहित कागद, वर तीन-चार किलोची पुस्तकं, आणि तीन आठवडे धीर. घडीची रेघ यानेही पूर्ण जात नाही, पण सुई उडायची थांबते, आणि तेवढंच हवं असतं.

एकदाच वाजवा, नीट उतरवून घ्या

फ्लेक्सी प्रत्येक वाजवण्याला झिजते, म्हणून पहिल्या चांगल्या वाजवण्यालाच रेकॉर्डिंग करा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सहा मिनिटांची स्टिरिओ फाइल २०० एमबीच्या आसपास होते. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फ्लेक्सी मोनो असली तरी दोन्ही चॅनल वेगळे घ्या, कारण खाचेच्या दोन भिंतींपैकी एक बऱ्याचदा जास्त झिजलेली असते. दोन्ही सारख्या असतील तर नंतर एकत्र करा. शब्द एकमेकांत मिळतात, खरखर वेगवेगळी असल्याने ३ डेसिबलपर्यंत कमी होते. एक बाजू फारच खराब असेल तर ती टाकून दुसरीच ठेवा. टकटक काढायला ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमधली क्लिक काढण्याची सोय पुरते. खरखर पूर्ण घालवायचा मोह टाळा, नाहीतर निवेदकाचा आवाज नळीतून आल्यासारखा होतो. मूळ फाइल न छेडता वेगळी ठेवा. आणि ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येत असेल तर आधी टर्नटेबलची अर्थ वायर अ‍ॅम्प्लिफायरला नीट जोडलीय का ते बघा. सॉफ्टवेअरने ती काढताना खालचे सूरही जातात.

जोडी खरी की जुळवलेली

किट सापडतं, रेकॉर्ड सापडत नाही. मुलं ती घेऊन थेट प्लेयरकडे धावायची. त्यामुळे विक्रीला येणाऱ्या 'पूर्ण' किटमध्ये रेकॉर्ड दुसरीकडून आणून घातलेली असण्याची शक्यता कायम धरून चाला. खोक्याचं वय आधी ठरवा. अमेरिकन खोक्यावर पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर तो जुलै १९६३ नंतरचा. शहराच्या नावापुढे नुसते एक-दोन आकडे असतील तर बहुधा त्याआधीचा. बारकोड असेल तर १९७४ च्या आधीचा असूच शकत नाही, मग चित्र कितीही जुनं असो. वीअर्ड-ओजसारखी किटं नंतर अनेकदा जुन्याच चित्रांसह पुन्हा निघाली आहेत. जपानी खोक्यावर पिन कोड असेल तर जुलै १९६८ नंतरचा. ब्रिटिश किंमत शिलिंग-पेन्सात असेल तर फेब्रुवारी १९७१ च्या आधीची. अमेरिकन रेकॉर्डवर वर्तुळातलं 'पी' हे ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं चिन्ह असेल तर ती बहुधा १९७० च्या दशकातली किंवा नंतरची. १९६४ च्या अमेरिकन खोक्यात असं 'पी' असलेली अमेरिकन तबकडी निघाली तर ती बहुधा कुणीतरी नंतर घातलेली आहे.

तारखा जुळल्या तरी खुणा बघा. तबकडी तिरक्या उजेडात धरा. चाळीस-पन्नास वर्षं फ्रेमवर पडलेल्या फ्लेक्सीवर फ्रेमच्या दांड्यांच्या फिकट रेघा उठलेल्या असतात. याच खोक्यातली फ्रेम तिच्यावर धरून रेघा जुळतात का ते तपासा. मग सूचनांचा कागद उघडा. तबकडी जिथे टेकून होती तिथला कागद बाकीच्यापेक्षा वेगळा पिवळा पडतो आणि गोल किंवा चौकोनी छाया दिसते. रेघा आणि छाया दोन्ही जुळल्या तर जोडी मूळची आहे असं मी मानतो. धुण्याआधी आणि सपाट करण्याआधी या खुणांचे फोटो काढून ठेवा, कारण नंतर त्या फिकट होतात.

सील न फोडलेल्या खोक्याचं काय, हा प्रश्न बाजारभावामुळे अवघड झालाय. बाहेरची प्लॅस्टिकची वेष्टणं वर्षांगणिक आक्रसत जातात, झाकण आत दबतं, आणि त्याखालची फ्लेक्सी त्याच वळणावर बसते. झाकण वाकायला लागलेलं दिसत असेल तर सील फोडा. भाव कमी होईल, पण आत काय जिरतंय ते बघता येईल.

परत ठेवताना

फ्लेक्सी आणि फ्रेम यांच्या मध्ये पॉलिएस्टर फिल्म हवी. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनची पिशवीही चालते. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे मऊ, वास येणारे पारदर्शक कव्हर पीव्हीसीचे असतात, ते नकोत. तोच रोग परत घरात येतो. टायर त्यांच्या वेगळ्या पिशवीत, पारदर्शक काचा तिसऱ्या पिशवीत. रबरबँड असेल तर आत्ताच काढून टाका. किट बांधायचंच असेल तर टायर बसवण्याआधी चाकाच्या कडेवर प्लंबरच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्या.

कपाटात डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका. नॅप्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते, आणि बंद कपाटात ती वाफ कुठेच जात नाही. कसर लागू नये म्हणून खोका हवाबंद डब्यात ठेवा आणि आत २० ते ३० ग्रॅम सिलिका जेल. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास वाळवून परत वापरता येतात. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४० ते ५० टक्के हवेत. त्याहून कोरडं झालं तर पुठ्ठ्याच्या घड्या तडकतात, म्हणून जेल थोडं काढा.

जागा असेल तर मी फ्लेक्सीला खोक्यात परत घालणार नाही. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, आडवी, वेगळ्या फाइलमध्ये. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने किटचा क्रमांक, सुई कोणती लावली, भार किती होता आणि किती वेळा वाजवली. खोक्यात तिच्या जागी तिची रंगीत झेरॉक्स ठेवायची, खऱ्या मापाची, आणि तिच्या मागे फाइल कोणत्या कपाटात आहे ते लिहायचं.